न हिंदकळलेली शॅम्पेन

बॉनेटवर शॅम्पेनच्या भरलेल्या पेल्यांचा मनोरा. गाडी रोलरवर उभी. इंजिन सुरू होते, चाके जागच्या जागी फिरू लागतात, वेग वाढत वाढत ताशी १४५ मैलांच्या, म्हणजे सुमारे २३३ किलोमीटरच्या बरोबरीला जातो. मनोरा ढळत नाही, पेल्यातली शॅम्पेन हिंदकळत नाही. संपली जाहिरात. टोयोटाने लेक्सस हे नवे नाव लावून १९८९ साली अमेरिकेत जी पहिली मोठी गाडी आणली, त्या एलएस ४०० ची ही जाहिरात.

जाहिरातीचे कसले आले आहे रसग्रहण, असे म्हणून कोणी नाक मुरडेल. मुरडू दे. इतक्या थोड्या वेळात इतके कमी सांगून इतके पटवणे हे सुनीत लिहिणाऱ्यालाही सहज जमत नाही. शिवाय ही जाहिरात ज्या वस्तूची आहे ती वस्तू पस्तीस वर्षांनंतरही रस्त्यावर धावते आहे. म्हणजे शब्द आणि कृती शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोय आहे. साहित्यात ती फारशी मिळत नाही.

आधी तिच्यात काय नाही ते पाहू. समुद्रकाठचा वळणदार रस्ता नाही. दार उघडून उतरणारी सुंदरी नाही, कौतुकाने पाहणारा शेजारी नाही. ऐट, रुबाब, प्रतिष्ठा या शब्दांवर पोसलेला धंदा हा, आणि इथे विशेषण जवळजवळ हद्दपार आहे. लेक्ससला १९८९ साली हे भागच होते म्हणा. मर्सिडीजला आपण कोण हे सांगावे लागत नव्हते. टोयोटा म्हटले की अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढे काटकसरी, टिकाऊ, शाळेत मुले सोडणारी गाडी यायची. वंशावळ नसलेल्याने घराण्याच्या गोष्टी सांगू नयेत, हातचे काम दाखवावे, एवढे शहाणपण टीम वन या जाहिरात संस्थेने दाखवले.

खरी करामत आहे ती शॅम्पेनची निवड. पाण्याने भरलेल्या पेल्यांनीही प्रयोग तोच झाला असता, निष्कर्षही तोच. पण पाणी म्हणजे प्रयोगशाळा. शॅम्पेन आली की मेजवानी आली, पैसा आला, गिऱ्हाइकाचे सगळे जग आले. या जगातला एकही माणूस न दाखवता फक्त त्याचे पेय आणून ठेवले आहे, आणि तेही कोणी पीत नाही. श्रीमंतीची खूण मोजमापाच्या कामाला जुंपली आहे. गवंडी पाणसळ लावून भिंत तपासतो, तसा इथे महागड्या दारूचा उपयोग होतो. चैनीच्या वस्तूकडे कारागिराच्या नजरेने पाहणे, हा या जाहिरातीचा स्थायीभाव आहे.

आता एक हातचलाखीही सांगितली पाहिजे. गाडी रोलरवर आहे. म्हणजे खड्डा नाही, वळण नाही, ब्रेक नाही, वाराही नाही. असाच मनोरा बॉनेटवर रचून मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलहून इंदापूरपर्यंत न्या, मग बोलू! प्रयोगात गाडीचे सस्पेन्शन तपासलेच जात नाही. तपासली जाते ती फक्त इंजिनाची आणि इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंतच्या फिरत्या भागांची थरथर.

मात्र नेमक्या याच थरथरीवर या गाडीच्या अभियंत्यांनी सगळी विद्या खर्च केली होती, म्हणून ही हातचलाखी मला फसवणूक वाटत नाही. १९८३ च्या ऑगस्टमध्ये टोयोटाचे अध्यक्ष एजी तोयोदा यांनी जगातल्या उत्तमोत्तम गाड्यांना तोडीस तोड गाडी करता येईल का, असा प्रश्न आपल्या माणसांपुढे टाकला. काम मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांच्याकडे आले. त्यांच्या उद्दिष्टांची यादी वाचताना गंमत वाटते, कारण ती जोडीजोडीने एकमेकांच्या विरोधात जाते. गाडी वेगवान हवी आणि पेट्रोलही कमी खायला हवी. अतिशय शांत हवी आणि वजनाला हलकीही. दिसायला डौलदार हवी आणि वारा कापायलाही तरबेज. शांतता हवी असली की कारखानदार दारांत आणि फरशीखाली जाड अस्तर भरतो, पण अस्तर भरले की वजन वाढते. मग सुझुकींनी आवाज मुळातच होऊ नये असा हट्ट धरला. इंजिनाचे भाग नेहमीपेक्षा काटेकोर मापात घडवायचे, इंजिन, गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट शक्य तेवढे एका सरळ रेषेत बसवायचे. चार लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, २५० अश्वशक्ती, हवेचा विरोध गुणांक ०.२९. साडेचारशेच्या आसपास नमुना गाड्या बनवल्या आणि मोडल्या, एक अब्ज डॉलरवर खर्च झाला. त्या अब्जाचा पुरावा म्हणजे तो न सांडलेला थेंब. जाहिरात गाडीविषयी थोडेच बोलते, पण जे बोलते ते खरे बोलते.

त्याच सुमारास निस्साननेही इन्फिनिटी नावाने आपली उंची गाडी अमेरिकेत आणली. तिच्या सुरुवातीच्या जाहिरातींत गाडीच नव्हती. खडक, झाडे, पाणी आणि एक संथ आवाज. कवितेच्या अंगाने पाहिले तर त्या जाहिराती लेक्ससच्या कितीतरी वरच्या, हे मान्य केले पाहिजे. न दाखवून दाखवण्याची ती रीत अस्सल जपानी, आणि लेक्ससच्या जाहिरातीत मात्र जपानचा मागमूसही नाही. पण अमेरिकेत लोक हसले. खडकांचा आणि झाडांचा खप वाढला म्हणे, असे विनोद झाले. पस्तीस-अडतीस हजार डॉलर मोजणाऱ्याला ध्वनी, म्हणजे नुसता सुचवलेला अर्थ, पुरत नाही, त्याला वाच्यार्थ लागतो. ध्वनीलाच काव्याचा आत्मा मानणाऱ्या आनंदवर्धनाला हे रुचले नसते, पण आनंदवर्धनाला गाडीचे हप्ते भरायचे नव्हते.

पुढे १९९३ च्या सुमाराला याच निस्सानने आपल्या कितीतरी स्वस्त अल्टिमा गाडीवर तसाच पेल्यांचा मनोरा रचून लेक्ससची नक्कल केली. तिचेही पेले पडले नाहीत. चोख टोला होता. आणि त्या टोल्याने मूळ जाहिरातीतली उणीवही उघडी पडली. पहिल्या दिवशी पेले स्थिर ठेवणे हे शेवटी कौशल्याचे काम, आज ना उद्या दुसराही ते करणार. दहा वर्षांनी त्याच बॉनेटवर पेले ठेवून दाखवाल का, हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. गाडी विकत घेणे एका दिवसाचे असते, सांभाळणे वर्षानुवर्षांचे. या जाहिरातीला काळ हे परिमाणच नाही.

ते परिमाण मिळाले जाहिरातीबाहेर, आणि तेही अडचणीतून. गाडी सप्टेंबर १९८९ मध्ये विक्रीला आली, आणि डिसेंबरमध्ये वायरिंगच्या आणि तापणाऱ्या ब्रेक लाइटच्या दोन तक्रारींवरून कंपनीने तोवर विकलेल्या सगळ्या, म्हणजे आठेक हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. नवख्या नावाला, परिपूर्णतेचा ध्यास हे ब्रीद मिरवणाऱ्या नावाला, हा मरणाचा फटका बसायला हवा होता. झाले उलटे. कंपनीची माणसे मालकांच्या दारी गेली, गाड्या उचलून आणल्या, दुरुस्त केल्या, पुसून धुऊन परत पोचवल्या. आडगावी राहणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तंत्रज्ञ विमानाने पाठवले, तिथे गॅरेजची जागा भाड्याने घेतली. वीस दिवसांत काम उरकले. ग्राहकाला घरी आलेल्या पाहुण्यासारखे वागवायचे, असे वचन लेक्ससने १९८७ सालीच लिहून ठेवले होते. अशी वचने भिंतीवर फ्रेममध्ये लावायला बरी असतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव. इथे ते फ्रेममधून खाली उतरले. माझ्या मते पेल्यांपेक्षा सरस जाहिरात ही, आणि तिच्यासाठी कॅमेरा लागला नाही. १९९१ पर्यंत लेक्सस अमेरिकेतली सर्वाधिक खपाची आयात आलिशान गाडी झाली, त्यात या वीस दिवसांचा वाटा मोठा आहे.

आता गाडीत बसू. रोजच्या वापरात या गाडीची ओळख पटते ती चावी लावताना. डॅशबोर्ड आधी नुसता काळा असतो. चावी फिरवली की आधी काटे उजळतात, मग आकडे. काटे प्रकाशाच्या रेघेसारखे अंधारात तरंगतात. चावी काढली की स्टीअरिंग आपोआप वर सरकते आणि उतरणाऱ्याच्या गुडघ्यांना वाट करून देते. यातले काहीही गाडी चालायला आवश्यक नाही. घरात शिरणाऱ्यासाठी कोणीतरी खुर्ची सरकवावी इतपतच ते आदरातिथ्य आहे, आणि मालकाला ते रोज दोनदा तरी मिळते. आराखडे करण्याआधी टोयोटाने १९८५ साली आपली माणसे कॅलिफोर्नियात लगुना बीचला घर भाड्याने घेऊन राहायला पाठवली होती, सधन अमेरिकन माणूस कसा राहतो ते पाहायला. त्या शेजारधर्माचे फळ अशा बारीकसारीक जागी दिसते.

पण हेच तरंगणारे काटे वय झाले की एकेक करून विझतात. उजेड रात्रीच नव्हे, दिवसाही जातो, आणि आपण किती वेगात आहोत हे अंदाजाने ठरवायची पाळी येते. जुन्या एलएस ४०० ची दुखणी मालकांना आणि मेकॅनिकांना तोंडपाठ आहेत. पॉवर स्टीअरिंगचा पंप पाझरतो, आणि त्याच्या बरोबर खाली अल्टरनेटर आहे, म्हणजे तेल नेमके त्यावर ठिबकते. एक दुखणे दुसऱ्याला जन्म देते. कॉम्प्युटरमधले कपॅसिटर गळतात. ज्यांनी हवेचे सस्पेन्शन हौसेने निवडले होते त्यांच्या गाड्या म्हातारपणी खाली बसतात, आणि पुष्कळ जण शेवटी साध्या स्प्रिंग घालून मोकळे होतात.

सगळ्यात बोलके दुखणे स्टार्टरचे. चावी फिरवावी आणि नुसते ‘टक्’ व्हावे, इंजिन ढिम्म. बॅटरी चांगली, वायरी चांगल्या. स्टार्टरच्या आतले तांब्याचे दोन छोटे संपर्क झिजलेले असतात. त्यांची किंमत किरकोळ. पण स्टार्टर बसवलेला आहे सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खाचेत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली. तिथवर पोचायला वरचा सगळा संसार उचलून बाजूला ठेवावा लागतो. पाइप, वायरी, गॅस्केट, आणि तीस वर्षांच्या उष्णतेने कडक झालेले, हात लावला की तुटणारे प्लास्टिकचे कनेक्टर. मूठभर तांब्यासाठी अख्खा दिवस. मेकॅनिक शिव्या घालतो हे खरे, पण आतली घडण पाहिली की शिव्या अर्ध्यावर थांबतात असेही सांगतात. बोल्ट सहज सुटतो, भाग आपल्या जागी परत चपखल बसतो, झाकण उघडून वरून पाहताना जे दिसत नाही तेही नीट पूर्ण केलेले असते. ज्या वाचकासाठी लिहिले नाही त्यालाही आवडावे, असा मजकूर थोड्यांनाच लिहिता येतो.

काळाच्या कसोटीचा पुरावा मात्र एका जुन्या गाडीने दिला. अमेरिकेतला मोटार-पत्रकार मॅट फराह याने २०१४ साली १९९६ ची एक एलएस ४०० साधारण नऊ लाख मैलांवर विकत घेतली. किंमत १,३५० डॉलर. त्याने ती मित्रांना, पत्रकारांना आळीपाळीने चालवायला दिली, आणि २०१९ मध्ये दहा लाख मैल, म्हणजे सोळा लाखांवर किलोमीटर पूर्ण झाले. मैल मोजणारे यंत्र ९,९९,९९९ वर अडकून राहिले. त्याला सातवा आकडा नाही. इतके मैल मोजावे लागतील असे सुझुकींच्या माणसांनाही वाटले नव्हते, असा याचा अर्थ मी घेतो. जाहिरातीत जे राहून गेले ते या गाडीने भरून काढले, फक्त शॅम्पेन नव्हती.

भारतात लेक्सस उशिरा, २०१७ साली आली, आणि २०२० पासून तिची ईएस ३००एच ही हायब्रिड गाडी बंगळुरूजवळच्या बिडदीत जुळवली जाऊ लागली. कारखान्यावरच्या पाटीत टोयोटाशेजारी किर्लोस्कर हे नाव आहे. लोखंडी नांगर बनवणारे, किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव आणि विणकामाच्या मागापासून सुरुवात करणारे साकिची तोयोदा यांच्या वारसांनी एका पाटीखाली यावे, हे मराठी वाचकाला सुखावून जाणारच. त्या ईएसमध्ये पुण्याच्या रहदारीत इंजिन बरेचदा बंदच असते, गाडी विजेच्या मोटरवर सरकते. तेव्हा तिच्यावर पेले ठेवून काही सिद्ध होणार नाही, कारण मोटर मुळात जवळजवळ थरथरतच नाही. आता कोणतीही विजेवरची गाडी ती जाहिरात करू शकेल. १९८९ चा चमत्कार स्वस्त झाला. दहा, वीस, तीस वर्षे टिकणे मात्र तितकेच महाग राहिले आहे.

म्हणून परदेशातल्या मराठी वाचकांपैकी कोणाला जुनी एलएस ४०० दारात आणायचा मोह झालाच, तर पॉलिशला भुलू नका. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप बदलल्याची पावती मागा. हा पट्टा सुमारे ९० हजार मैलांनी बदलावा लागतो. सुरुवातीच्या इंजिनात तो तुटला तर गाडी नुसती बंद पडते, १९९८ पासूनच्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जातो. स्टीअरिंग पंपाखाली बोट फिरवून तेल लागते का पाहा. आणि हवेच्या सस्पेन्शनची गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी हात जोडून परत फिरा.