पिंपळे सौदागरचे तुकडे : डॉ. मॅन यांच्या ग्रंथाचें पुनरवलोकन

बाप निवर्तला, भाऊ वेगळे निघाले आणि शेताचे तुकडे पडले, हा देशावरील घरोघरचा वृत्तांत आहे. तुकडे जितके बारीक तितकी भाऊबंदकी कडवी, असें अनुमानहि त्यावरून सर्रास काढलें जातें. या अनुमानास आंकड्यांचें बळ ज्या ग्रंथामुळें आलें, तो म्हणजे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांचा ‘लँड अँड लेबर इन ए डेक्कन व्हिलेज’ (१९१७). त्यांनीं तपासलेलें गांव पिंपळे सौदागर. पवनाकांठचें हें गांव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामावलें असून तेथील शेतांवर इमारती उभ्या आहेत. शेतें पुन्हां पाहतां येत नसल्यामुळें या ग्रंथास आतां अस्सल कागदाची योग्यता आली आहे. तेव्हां कागद ज्या कसोटीनें वाचावा, त्याच कसोटीनें तो वाचणें प्राप्त आहे.

एका गांवाची इतकी कसून पाहणी त्यापूर्वीं आपल्याकडे क्वचितच झाली होती, हें प्रथमच मान्य केलें पाहिजे. सरासरी धारणा १७७१ सालीं ४० एकर होती. ती १८१८ सालीं १७॥, १८२० ते ४० च्या दरम्यान १४, व १९१४-१५ सालीं ७ एकर झाली. शेंकडा ८१ धारणा दहा एकरांहून लहान व शेंकडा ६० पांच एकरांहूनहि लहान होत्या. १५६ मालकांचे ७२९ तुकडे. पैकीं ४६३ एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून, लहान.

यावरून ग्रंथकार असा निष्कर्ष काढतात कीं, इंग्रजी अंमलापूर्वीं व त्याच्या आरंभीं धारणा बऱ्यापैकीं मोठ्या असत, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत त्यांचें स्वरूप सर्वस्वीं पालटलें. परंतु त्यांचेच आंकडे शेजारी शेजारी मांडले असतां निराळें दिसतें. १७७१ पासून १८१८ पर्यंतच्या ४७ वर्षांत सरासरी निम्म्याहून खालीं आली. पुन्हां जवळजवळ तेवढ्याच प्रमाणांत ती उतरण्यास १८१८ नंतर सुमारें ९६ वर्षें लागलीं. आंकडे खरे मानले तर घसरणीचा वेग पेशवाईंतच सुमारें दुप्पट ठरतो. इंग्रजी कोर्टांनीं भाऊ फोडले, असें म्हणणारांस या ग्रंथांत आधार सांपडणार नाहीं.

पण ४० एकर हा आंकडा तरी जसाच्या तसा घ्यावा काय? पुण्याचे कलेक्टर रॉबर्टसन यांनीं १८२१ च्या सुमारास जथ्यांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. एका मूळपुरुषाचे वंशज एका जथ्याचे. सरकारसाऱ्यास ते एकत्र जबाबदार. वडील शाखेचा पुरुष त्यांचा प्रमुख. अशा गांवच्या जुन्या कागदांत एका नांवापुढें दिसणारी जमीन एका चुलीची कीं चार भावांची, हें नांवावरून कळत नाहीं. पुढें गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी आली आणि प्रत्येक सर्व्हे नंबरापुढें खातेदाराचें नांव लागलें. दोन पद्धतींच्या दप्तरांतील आंकडे एका रकान्यांत बसविले असतां घट वाटणीमुळें किती व नोंदीच्या रीतीमुळें किती, हें वेगळें करून दाखवावें लागतें. तसें होईपर्यंत १७७१ ची सरासरी इतिहासांत प्रमाण म्हणून देऊं नये.

याहून महत्त्वाचा आक्षेप तुकड्यांच्या अर्थाविषयीं आहे. मालकामागें साडेचारांहून अधिक तुकडे पडतात. चौघां भावांस चार शेतें वांटावयाचीं, तर एकेकास एकेक देणें सोपें. तें टाळून प्रत्येक शेताचे चार भाग कां करावे? कारण काळीचा कस मुरमाडास नाहीं आणि नदीथडीचा माळास नाहीं. ज्याच्या वांट्यास नुसता माळ आला, तो जन्मभर धुसफुसणार, आणि त्याचीं मुलें पुढें तंटा उकरून काढणार. म्हणून प्रत्येक प्रतीच्या जमिनींत प्रत्येकास वांटा. अशानें कष्ट वायां जातात, बांधांखालीं जमीन अडकते, हें ग्रंथकारांचें म्हणणें खरें आहे. पण त्या खर्चांत भावांनीं सलोखा विकत घेतलेला असतो, हें त्यांच्या हिशेबांत आलेलें नाहीं. दहा गुंठ्यांचा तुकडा ही बहुधा समेटाची पावती होय. जेथें कलह खरोखरच विकोपास जातो, तेथें बळकट भाऊ सर्वच गिळतो, आणि कोष्टकांत एकसंध मोठी धारणा शोभून दिसते! देशमुखीच्या तंट्यांत नाईकजी जेध्याचा जीव त्याच्या भावांनींच घेतल्याची जेधे करीन्यांतील हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. तेथें तुकड्यांचा प्रश्न उरलाच नव्हता.

सर्वच वस्तूंचे तुकडे पाडावे, असें आपलें शास्त्रहि म्हणत नाहीं. मनूनें अविभाज्य वस्तूंत पाणी गणलें आहे. त्यावर मिताक्षराकार सांगतात कीं, विहिरी विषम संख्येच्या असल्या तर किंमत करून वांटूं नयेत, पाळीनें उपभोगाव्या. विहिरीवर मोटेचे दिवस ठरवून घेणारे आपले कुणबी हाच न्याय पाळीत आले.

सरासरीच्या कोष्टकांत आणखी एक व्यक्ति दिसूं शकत नाहीं, ती म्हणजे बहीण. अविवाहित बहिणीस भावांनीं आपापल्या अंशांतून चतुर्थांश द्यावा, असें मनु व याज्ञवल्क्य सांगतात. हा चतुर्थांश म्हणजे लग्नापुरता खर्च, असें भारुचीचें मत. विज्ञानेश्वर असहाय व मेधातिथि यांच्या बाजूनें तो खराच अंश मानतो. व्यवहारांत मात्र भारुचि जिंकला. महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सर्व देशांत २००५ सालीं कायद्यानें मुलीस जन्मतः समान वांटा दिला, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें, २००५ पूर्वीं बाप वारला असला तरी हा हक्क बाधित होत नाहीं, असा निर्णय दिला. त्यामुळें आज बापाच्या मागें बहिणीपुढें हक्कसोडपत्राचा कागद ठेवला जातो. मुलीच्या हक्काची ही कल्पना परकी आहे, असें म्हणणाऱ्या भावांनीं मिताक्षरा उघडून पाहावी. तेथें समान वांटा नाहीं. पण अंश निश्चित आहे.

मॅनसाहेबांच्या ग्रंथानंतर एका वर्षानें, १९१८ सालीं, डॉ. आंबेडकरांनीं लहान धारणांवर निबंध लिहून असें प्रतिपादिलें कीं, खरा रोग धारणेच्या आकारांत नसून जमिनीवर पडलेल्या माणसांच्या भारांत आहे, व त्यावर उपाय उद्योगधंद्यांचा. सरकारनें १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा करून तुकड्यासच दोषी धरलें. पिंपरीस मात्र १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, मागाहून औद्योगिक वसाहत आली, आणि कारखाने चाकणपर्यंत पोंचले. आंबेडकरांचा उपाय येथें बराच अमलांत आला. पोटाचा भार जमिनीवरून उतरला, तरी भावंडांचा तंटा राहिलाच. कारण गुंठ्यास सोन्याचा भाव आला. कस पाहून वांटणारे पंच या नव्या मोलापुढें निरुपाय झाले. रस्त्यालगतचा गुंठा व आंतला गुंठा यांचें अंतर काळी व माळ यांच्यापेक्षांहि मोठें आहे.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, सनदा व महजर यांच्याइतकीच काळजी त्यांनीं पिंपळे, चिंचवड, चऱ्होली, चाकण या बाजूच्या मोडी वाटणीपत्रांची, फारखतींची व थळझाड्यांची घ्यावी. जमीन विकली गेली कीं घरच्यांस हे कागद निरुपयोगी वाटतात व रद्दींत जातात. मॅन यांनीं तुकडे मोजले. ते कोणी, कोणत्या बोलीनें व कोणाच्या साक्षीनें पाडले, हें या कागदांवांचून कळणार नाहीं.