त्रिरश्मीचे दानलेख आणि कलेचे श्रेय

दिंडोरीहून दक्षिणेस येऊन नाशिक ओलांडले की त्रिरश्मी डोंगरावरील बौद्ध लेणी लागतात. त्यांच्या शिल्पकलेचे श्रेय बहुधा क्षहरात व सातवाहन राजकुलांना देण्यात येते. तेथील दानलेखांची साक्ष मात्र याहून व्यापक आहे. दहाव्या लेण्यातील लेखानुसार नहपानाचा जामात उषवदात याने 3000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. पैकी 2000 वर दरमहा शेकडा एक या दराने वर्षास 240 व्याज येई. त्यातून 20 भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळत. दान राजपुरुषाचे असले, तरी त्याचे सातत्य विणकरांच्या व्यवहारावर अवलंबून होते. पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातील गौतमी बलश्रीचे तिसरे लेणे स्तंभरचनेत दहाव्याचे अनुकरण करते. तेथे वैभव आहे, नवी कल्पना थोडी. याउलट, त्यांच्याही आधीच्या अठराव्या लेण्यातील चैत्यगृहाच्या दर्शनी द्वाराचे नाजूक कोरीवकाम हे धंभिक गावाचे दान आहे. केवळ 'राजाश्रयाची कला' म्हटल्याने या लेण्यांतील सर्वांत सरस कामाचा दाताच दृष्टीआड होतो. त्रिरश्मीच्या कलेचा विचार राजवंशावळीइतकाच गाव आणि श्रेणी यांपासूनही सुरू व्हावयास हवा.