स्फिंगोलिपिड चयापचय व दीर्घकालीन आजार : भारतीय शरीराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
इ.स. १८८४ मध्ये योहान थुडिकुम यांनी मेंदूतून मिळालेल्या एका गूढ पदार्थाला ग्रीक पुराणातील स्फिंक्सवरून 'स्फिंगोसिन' हे नाव दिले. त्यानंतर दीर्घकाळ स्फिंगोलिपिडांचा विचार प्रामुख्याने गोशे रोगासारख्या दुर्मीळ आनुवंशिक विकारांच्या संदर्भात झाला. आज मात्र मधुमेह व हृदयविकार यांच्या मुळाशी हेच मेद असल्याची मांडणी केली जाते. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
संतृप्त मेदाम्ल व सेरीन यांपासून शरीरात सेरामाइड तयार होते. चरबीच्या पेशींची साठवणक्षमता संपली की मेद यकृतात व स्नायूंत उतरतो. तेथे वाढलेले सेरामाइड इन्सुलिनचा संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनास निष्क्रिय करते. सेरामाइडची निर्मिती रोखल्यास उंदरांमध्ये इन्सुलिनची परिणामकारकता सुधारते, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मानवाबाबतचा पुरावा मात्र मुख्यतः सहसंबंधाचा आहे. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. शिवाय सर्व सेरामाइडे सारखी नाहीत. सोळा व अठरा कार्बनांच्या साखळीची सेरामाइडे अपायकारक ठरतात, तर त्वचेचे संरक्षण सेरामाइडावाचून होत नाही. म्हणून सेरामाइडास सरसकट विष ठरविणे अशास्त्रीय आहे.

या विषयाला महाराष्ट्रात विशेष महत्त्व आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे ते ३.५ किलो होते. वजन कमी असूनही पुण्याच्या बालकांच्या त्वचेखालील चरबी तुलनेने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक व इंग्रज संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा शरीरभार निर्देशांक २२.३ असूनही चरबीचे प्रमाण अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होते. म्हणजे वजनापेक्षा मेद कोठे साठतो, हा प्रश्न निर्णायक आहे आणि सेरामाइडचे संशोधन नेमके त्याच प्रश्नाला भिडते.

येथेच या संशोधनाची मर्यादाही उघड होते. २०१६ मध्ये पुढे आलेली सेरामाइडवर आधारित हृदयविकार-जोखमीची गुणपद्धती फिनलंड, नॉर्वे व स्वित्झर्लंड येथील रुग्णांवरून बेतलेली आहे. समुद्रपूर तालुक्यातील कापूस-सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या सडपातळ मजुरास तीच मोजपट्टी लावणे समर्थनीय नाही. 'बारीक माणसाला साखर कशी होईल?' या समजुतीमुळे त्याचे निदान आधीच लांबते. उसनी मोजपट्टी त्यात खोट्या निर्धास्तपणाची भर घालू शकते.

निष्कर्ष :
सेरामाइडची चाचणी महागड्या यंत्रांवर अवलंबून असल्याने तूर्त कंबरेचा घेर व रक्तशर्करा हीच ग्रामीण भागातील व्यवहार्य साधने होत. तथापि सेवाग्राम येथे १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या वर्धा जिल्ह्यात स्थानिक लोकसमूहाचा असा अभ्यास होणे शक्य व आवश्यक आहे. ज्यांच्या शरीरावर निष्कर्ष लादावयाचे, त्यांचे शरीर प्रथम अभ्यासले गेले पाहिजे.