‘सहा गुणांची चाल’ म्हणजे नेमकी किती गुणांची? गो खेळातील शेवटच्या टप्प्याच्या हिशोबाची चिकित्सा

गो खेळाच्या एखाद्या प्राथमिक पुस्तकातील शेवटच्या टप्प्याचे प्रकरण उघडून पहा. ‘ही चाल सहा गुणांची’, ‘ही चार गुणांची’ अशी विधाने पानोपानी भेटतात. नवा खेळाडू ती वाचतो, सहा चारपेक्षा मोठे म्हणून सहाची चाल आधी खेळतो, आणि जिंकत आलेला डाव एखाद-दुसऱ्या गुणाने घालवतो. त्याची बेरीज-वजाबाकी बरोबर असते. पण पुस्तकाने हाती दिलेली संख्या ही चालीची किंमत नसते. ती कशाची संख्या आहे, तिच्यापासून किंमत कशी काढायची आणि किंमत काढल्यावरही कुठे सावध राहायचे, ते या टिपणात पाहू.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा, म्हणजे ३६१ छेदनबिंदू. काळा आणि पांढरा आळीपाळीने एकेक सोंगटी बिंदूवर ठेवतात. ठेवलेली सोंगटी सरकत नाही. पूर्ण कोंडली गेली तरच उचलली जाते. जपानी नियमांनुसार वेढलेल्या प्रत्येक रिकाम्या बिंदूचा एक गुण आणि पकडलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण. काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला भरपाई मिळते, तिला ‘कोमी’ म्हणतात; जपानमध्ये ती साडेसहा गुणांची आहे. त्या अर्ध्या गुणामुळे बरोबरी टळते, आणि अर्ध्या गुणाने हरणेही शक्य होते. २०१७ मध्ये चीनमधील वूझेन येथे अल्फागो या संगणक प्रणालीविरुद्धचा पहिला डाव के जिए हा अव्वल खेळाडू अर्ध्या गुणानेच हरला. डाव संपत येतो तेव्हा मोठी क्षेत्रे ठरलेली असतात, फक्त हद्दी पक्क्या व्हायच्या असतात. आपल्याकडे शेजाऱ्याचा बांध कोरतात, तसे काहीसे तेव्हा चालते. या टप्प्याचे जपानी नाव ‘योसे’.

आता त्या ‘सहा गुणां’कडे वळू. पारंपरिक मोजणीला ‘देइरी’ म्हणतात. शब्दाचा अर्थ आत येणे-बाहेर जाणे. आपल्या कार्यालयांतील ‘आवक-जावक’ हा शब्द त्याला चपखल बसतो. एखाद्या जागी काळा आधी खेळला तर निकाल काय, पांढरा आधी खेळला तर काय, आणि दोहोंत फरक किती, एवढेच देइरी सांगते. काळा आधी खेळल्यास काळ्याचे ६ गुण आणि पांढरा आधी खेळल्यास ० होत असतील, तर ती चाल ‘सहा गुणांची’. हा फरक खरा आहे. पण त्यासाठी किती चाली खर्च झाल्या, हे त्यात कुठेच नोंदलेले नाही.

आंब्याच्या पेटीचे उदाहरण घ्या. एक पेटी दोन हजारांची, दुसरी पंधराशेची. स्वस्त कोणती? पेटीत किती डझन आहेत हे विचारल्याशिवाय कोणी शहाणा माणूस उत्तर देणार नाही. देइरी पेटीचा भाव सांगते, डझन सांगत नाही.

डझन मोजायचे कसे, ते पाहू. वरच्या उदाहरणात एका निकालासाठी काळ्याची एक चाल लागते, दुसऱ्यासाठी पांढऱ्याची एक. चालींचा फरक दोन. म्हणून एका चालीची किंमत ६ भागिले २, म्हणजे ३. अशी चाल खेळून झाली की त्या जागेचा विषय संपतो आणि पुढची पाळी समोरच्याची. या प्रकाराला ‘गोते’ म्हणतात. (मराठी कानाला शब्द विनोदी वाटतो खरा, पण नवशिके इथेच गोते खातात.) याउलट चाल इतकी धमकीची असेल की समोरच्याला तिथेच उत्तर द्यावे लागते, तर ती ‘सेंते’. समजा काळ्याची चाल सेंते आहे आणि फरक ४ गुणांचा आहे. काळा खेळला, पांढऱ्याने उत्तर दिले, दोघांच्या चाली फिटल्या. पांढरा आधी खेळला तर त्याची एकच चाल खर्च होते. चालींचा एकूण फरक एक. म्हणून तिथे पांढऱ्याने आधी खेळण्याची किंमत ४ भागिले १, म्हणजे ४. ‘सहा’ची चाल तीनची निघाली आणि ‘चार’ची चारच राहिली. या दुसऱ्या पद्धतीला ‘मिआई मोजणी’ म्हणतात.

परंपरेचे समर्थक म्हणतील, आम्हीही शिकवतो की सेंते अडवणारी चाल गोतेच्या दुप्पट धरावी. मान्य. पण हे ठिगळ आहे, आणि ते कुठे फाटते ते ‘को’मध्ये दिसते. को म्हणजे एकेक सोंगटी आलटून-पालटून पकडता येईल अशी रचना. डावाच्या अगदी शेवटी उरणाऱ्या सर्वात लहान कोमध्ये फक्त एका गुणाचा फरक असतो. एका बाजूने काळ्याला पकडायला एक आणि भरायला एक अशा दोन चाली लागतात. दुसऱ्या बाजूने पांढऱ्याला भरायला एक. एकूण तीन. किंमत एक तृतीयांश. गंमत अशी की जपानीत याला ‘हान्को’, म्हणजे ‘अर्धा को’ म्हणतात. एक गुण देइरीची साधी गोते चाल मात्र अर्ध्या गुणाची. देइरीत दोन्हींसमोर ‘एक’ लिहिलेले असते, आणि दुपटीचा नियम इथे काहीच सांगू शकत नाही.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. परंपरा ‘सेंते’ आणि ‘गोते’ हे चालीच्या अंगचे गुणधर्म मानते. ते तसे नाहीत. एक जागा घ्या: पांढरा आधी खेळला तर ०. काळा आधी खेळला तर जागा अर्धवट राहते. काळ्याने पुन्हा खेळल्यास १३, पांढऱ्याने उत्तर दिल्यास ३. त्या अर्धवट जागेतील पुढच्या चालीची किंमत १३ आणि ३ मधील फरकाच्या निम्मी, म्हणजे ५. पटावर अन्यत्र सर्वात मोठी चाल साडेचारची असेल तर पांढरा उत्तर देईल, आणि काळ्याची चाल सेंते ठरेल. अन्यत्र ६ ची चाल असेल तर पांढरा उत्तर न देता तिकडे जाईल. सोंगट्या त्याच, जागा तीच. बदलले ते भोवतीच्या बाजारातील भाव. गणितात याला ‘तापमान’ म्हणतात. तापमान ५ च्या खाली उतरले की काळ्याने ती चाल खेळून घ्यावी. तसे न करता ते ३ पर्यंत उतरू दिले तर पांढऱ्याने ती जागा अडवावी.

हेच तर्कशास्त्र ‘दुहेरी सेंते’ला लावा. दोघांपैकी कोणीही खेळला तरी समोरच्याला उत्तर द्यावे लागते, अशी ही जागा. पुस्तके सांगतात की ती सर्वांत आधी घ्या, तिची किंमत जवळपास अमर्याद. चालींचा फरक शून्य, म्हणून भागाकार शून्याने! अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला इथे तरी थबकायला हवे. सूत्रात शून्याने भागण्याची वेळ आली तर प्रतिमान तपासावे. तपासू. काळा खेळला की काळ्याचे २० किंवा २ (पांढऱ्याने उत्तर दिल्यास २). पांढरा खेळला की तेच आकडे पांढऱ्याच्या बाजूने. काळ्याच्या चालीनंतरची सरासरी अधिक ११, पांढऱ्याच्या चालीनंतरची उणे ११. फरक २२, मूळ चालीची किंमत ११. मागाहून येणारी धमकी मात्र २० आणि २ मधील फरकाच्या निम्मी, ९. म्हणजे मूळ चाल तिच्या धमकीपेक्षा मोठी, आणि सरळ हिशोबात ती ११ ची गोते चाल आहे. तापमान १० असताना ती खेळली तर समोरचा उत्तर देणार नाही. तापमान ८ असताना देईल. पण मग तापमान ११ वर होते तेव्हाच ती कोणी का घेतली नाही? बहुधा कोणाचे तरी लक्ष नव्हते, किंवा ती जागा नुकतीच निर्माण झाली. दुहेरी सेंतेला स्वतंत्र वर्ग म्हणून शिकवणे मला म्हणूनच चुकीचे वाटते.

या सगळ्याला भक्कम गणिती पाया देणारे पुस्तक म्हणजे एल्विन बर्लेकॅम्प आणि डेव्हिड वुल्फ यांचे ‘मॅथेमॅटिकल गो’ (१९९४). इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना बर्लेकॅम्प हे नाव ओळखीचे असेल. रीड-सॉलोमन संकेतांच्या विसंकेतनात येणाऱ्या बर्लेकॅम्प-मॅसी रीतीतले हेच बर्लेकॅम्प. पुस्तकातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट माझ्या मते बंद बोळांची आहे. काळ्याच्या पक्क्या सोंगट्यांमधला एक चिंचोळा बोळ कल्पा. तळाशी बंद, तोंडाशी पांढरी सोंगटी. काळा तोंड बुजवेल तर एक घर खर्ची पडून बाकीची त्याची. पांढरा आत शिरेल तर बोळ एका घराने आखूड होतो. दोन घरांच्या बोळात काळ्याला १ किंवा ०, किंमत अर्धा. तीन घरांच्या बोळात काळा आधी तर २, पांढरा आधी तर दोन घरांचा बोळ उरतो, त्याची सरासरी अर्धा. फरक दीड, किंमत पाऊण. चार घरांना फरक पावणेदोन, किंमत ७/८. बोळ कितीही लांब असो, किंमत एकाच्या जवळ सरकते, एकाला पोचत नाही. दहा घरांचा बोळ उघडा पाहून घाबरून तो बुजवणारा खेळाडू एका गुणापेक्षा कमी किमतीची चाल खेळत असतो. वर्गात हे सांगितले की पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही. भूमितीय श्रेणी फळ्यावर लिहावी लागते.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. त्याचा भर प्रत्येक चालीवर एका गुणाचा कर बसवून स्थिती ‘थंड’ करण्यावर, म्हणजे डावाच्या अगदी शेवटच्या गुणावर आहे. तुमचे-माझे डाव त्याच्या बरेच आधी, तीन-चार-पाच गुणांच्या चालींत हरले जातात. शिवाय को असलेल्या स्थिती मुख्य सिद्धांतात सामावत नाहीत. चिन्हांचा मारा पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेलच असेही नाही. बोळांचे प्रकरण वाचा, बाकीचे निवांत.

तरीही पुस्तकाने मांडलेला एक प्रश्न टाळता येत नाही: शेवटची मोठी चाल कोणाला मिळणार? मिआई मोजणी शिकलेला विद्यार्थी आता ‘सर्वात मोठी आधी’ हा नियम डोळे मिटून वापरू लागतो. हे पहा. पटावर दोनच जागा उरल्या आहेत आणि पाळी काळ्याची आहे. पहिली: काळ्याला ७ किंवा ०, किंमत साडेतीन. दुसरी: पांढरा खेळला तर ०; काळा खेळला तर अर्धवट, पुढे काळा खेळल्यास ९, पांढरा खेळल्यास ३. त्या अर्धवट स्थितीची सरासरी ६, म्हणून दुसऱ्या जागेची किंमत ३. मोठी पहिली. काळ्याने ती घेतली तर ७ मिळाले, पांढरा दुसरी बंद करतो, एकूण ७. आता काळ्याने लहान जागा आधी खेळली तर? पांढऱ्याने पहिली जागा घेतली तर काळा दुसरीत पुन्हा खेळून ९ मिळवतो. पांढऱ्याने दुसरीत उत्तर दिले तर काळ्याला ३ आणि ७, एकूण १०. पांढरा ९ निवडेल. लहान चाल आधी खेळून दोन गुणांचा फायदा! कारण उघड आहे: त्या चालीने पटावर आणखी एक चाल निर्माण झाली आणि तिघांपैकी दोन काळ्याच्या वाट्याला आल्या. किंमत ही सरासरी आहे. पटावर तेवढ्याच किमतीच्या भरपूर चाली शिल्लक असतात तेव्हा सरासरी नीट चालते, दोन-तीनच उरल्या की प्रत्यक्ष शाखा मोजाव्या लागतात.

किंमत बोटांवर बसवायला बर्लेकॅम्प यांचीच एक युक्ती उत्तम आहे. पटाशेजारी कूपनांची चळत ठेवायची, वरून खाली अर्ध्या-अर्ध्या गुणाने उतरणारी. आपल्या पाळीला सोंगटी ठेवा किंवा वरचे कूपन उचला. १९९८ मध्ये जियांग झुजिउ आणि रुई नाइवेई या व्यावसायिक खेळाडूंनी असा डाव खेळला. साडेतीनचे कूपन सोडून तुम्ही पटावर खेळलात, म्हणजे त्या चालीला साडेतीनपेक्षा कमी लेखत नाही असे जाहीर केलेत. वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर हे वसतिगृहातही जमते.

संगणकाबद्दल दोन शब्द. २०१६ मध्ये सोल येथे अल्फागोने ली सेडोलला ४-१ असे हरवले तेव्हा आघाडीवर असताना त्याने खेळलेल्या ढिल्या चालींची बरीच चर्चा झाली. काही विद्यार्थी त्या चाली ‘यंत्राचे शहाणपण’ म्हणून पुढे करतात. अल्फागो जिंकण्याची संभाव्यता वाढवत होता, गुणांचे अंतर नव्हे. नक्की जिंकत असताना दोन गुण सोडणे त्याला फुकट होते. तुम्हाला ती खात्री नसते, म्हणून ती सवय उचलू नका. २०१९ चे कॅटागो गुणांचाही अंदाज देते आणि मुक्तपणे उपलब्ध आहे. अभ्यासाला ते बरे. पण ते ‘१.५ गुण गेले’ एवढेच सांगते. का गेले, ते कागदावर तुम्हालाच काढावे लागते.

सरावासाठी: वरच्या दोन जागांच्या उदाहरणात पाळी पांढऱ्याची आहे असे धरा. त्याने साडेतीनची जागा आधी घ्यावी की तीनची? दोन्ही शाखा शेवटपर्यंत लिहून काढा, आणि काळ्याच्या उत्तराशी ताडून पहा.