रॉ फाइल उघडायची कशात?

कॅमेरा कोणता घ्यावा यावर आपल्याकडे तासन्‌तास चर्चा होते. लेन्सवरून तर भांडणंही होतात. पण रॉ फाइल कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची हे आपण ठरवतो ते मित्राच्या लॅपटॉपवर जे दिसलं त्यावरून. आज याच निर्णयाबद्दल बोलू, आणि जरा टीकेच्या अंगानं बोलू.

आधी रॉ म्हणजे काय ते बघा. सेन्सरला रंग कळत नाही, उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावानं ही रचना ओळखली जाते. तिचं पेटंट १९७६चं. प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजानं भरावे लागतात, आणि ते काम सॉफ्टवेअर करतं. शिवाय १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६. एवढ्या पायऱ्या स्क्रीनवर कशा बसवायच्या, हेही सॉफ्टवेअरच ठरवतं. म्हणजे रॉ उघडल्यावर जे पहिलं चित्र दिसतं, ते त्या फाइलचं कुणीतरी आधीच केलेलं वाचन असतं.

इथेच आपली पहिली चूक होते. समजा, दिवे घाटातला पालखीचा फोटो आहे. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, उन्हानं रापलेले चेहरे, वर भरलेलं आभाळ. लाइटरूममध्ये तो उघडल्याबरोबर बरा दिसतो. डार्कटेबलमध्ये बहुधा फिका वाटतो. लगेच निकाल लागतो: डार्कटेबल टाकाऊ! पण लाइटरूमनं आपलं ठरलेलं प्रोफाइल आधीच लावलेलं असतं, आणि डार्कटेबल बरंचसं काम आपल्यावर सोडतं. तुलना करायची तर काम संपल्यावर करा. धोतराच्या चुण्या शिल्लक आहेत का, चेहरे उजळताना राखाडी किंवा नारिंगी झाले का, ते बघा.

अशी तुलना केली की प्रत्येकाचे गुणदोष दिसतात. लाइटरूममधलं माणूस किंवा आकाश आपोआप निवडण्याचं तंत्र खरोखर वेळ वाचवतं. पण त्याचे स्लायडर आत नेमकं काय करतात ते कळत नाही. डार्कटेबल सगळं उघड करून दाखवतं, पण इतकं की नवखा माणूस गांगरतो. एकाच कामाला तीन-तीन मॉड्यूल, आणि कोणतं केव्हा वापरायचं ते मॅन्युअल वाचल्याशिवाय उमगत नाही. रॉथेरपीमध्ये बारीक तपशील काढायचे अनेक पर्याय आहेत, पण फोटोच्या एखाद्याच भागावर काम करायची सोय त्यात बऱ्याच उशिरा, ५.९ या आवृत्तीत आली.

तरी आमच्या मते खरा प्रश्न यातला कुठलाच नाही. खरा प्रश्न असा की आपण केलेलं काम राहतं कुठे? रॉ फाइलला कुणी हात लावत नाही. आपण जे बदल करतो त्या नुसत्या सूचना असतात, आणि त्या वाचता येतात फक्त त्याच सॉफ्टवेअरला.

ॲपर्चरचं उदाहरण घ्या. ॲपलनं ते २००५मध्ये आणलं. चांगलं होतं, अनेक व्यावसायिकांनी आपला सगळा संग्रह त्यात बसवला. २०१४मध्ये ॲपलनं सांगितलं की पुढे विकास नाही, २०१५मध्ये विक्री थांबली आणि २०१९च्या कॅटलिनावर ते चालेनासं झालं. रॉ फाइली सुखरूप राहिल्या. लाइटरूममध्ये जाताना कीवर्ड आणि तारेही नेता आले. पण रंगांवर, उजेडावर बसून केलेलं काम सूचनांच्या रूपात पलीकडे गेलं नाही. ज्यानं दहा वर्षं ते केलं, त्याच्या हाती पुन्हा कोऱ्या रॉ फाइली आल्या.

लाइटरूमचं काय? एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची आवृत्ती सहावी, २०१५ची. आता मासिक किंवा वार्षिक वर्गणी. वर्गणी थांबली तर लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो बघता येतात, एक्सपोर्ट करता येतात, पण डेव्हलप विभाग बंद होतो. म्हणजे जुनं काम दिसतं, पुढे नेता येत नाही. डार्कटेबल आपल्या सूचना फोटोशेजारी एक्सएमपी फाइलमध्ये लिहितं, आणि मागे पडलेली मॉड्यूलही जुन्या कामासाठी जपून ठेवतं. पण भाबडेपणा नको. लाइटरूमच्या फाइलचं नावही एक्सएमपीच, तरी एकाच्या सूचना दुसऱ्याला पुरत्या कळत नाहीत. आणि नव्या कॅमेऱ्याची रॉ उघडायला या स्वयंसेवकांच्या सॉफ्टवेअरमध्ये कधी कधी थांबावं लागतं.

एवढा आग्रह कशासाठी, असं कुणी विचारेल. ॲन्सेल ॲडम्स यांचा ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा फोटो १९४१चा. त्याच एका निगेटिव्हवरून ते पुढे कित्येक वर्षं प्रिंट काढत राहिले, आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश गडद होत गेलं. नजर बदलली तसा फोटो बदलला. जुन्या कामाकडे परत जाऊन पुढचं पाऊल टाकायची ही मुभा आपण सॉफ्टवेअर निवडताना नकळत गमावून बसतो.

म्हणून आमचं मत सरळ सांगतो. महिन्याला हजारो लग्नाचे फोटो द्यायचे असतील तर लाइटरूम घ्या. वर्गणी हा धंद्याचा खर्च आहे. पण एखाद्या विषयावर वीस वर्षं काम करायचं असेल, दरवर्षी वारीला जायचं असेल, तर डार्कटेबल शिकायला दोन महिने द्या. ते वाया जाणार नाहीत. आणि काहीही निवडलंत तरी सूचनांच्या फाइलींचा किंवा कॅटलॉगचा बॅकअप रॉसोबतच ठेवा, आणि महत्त्वाच्या फोटोंची १६ बिटची टिफ काढून ठेवा. टिफमधून मागे जाता येत नाही, पण निदान आज काय पाहिलं होतं ते तरी उरतं.

आता प्रश्न विचारा.