तीन कोटी शब्दांची दरी : एका संशोधनाचे फेरवाचन

बेटी हार्ट आणि टॉड रिस्ले यांचे 'मीनिंगफुल डिफरन्सेस' हे पुस्तक १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. मूळ पुस्तक वाचलेले अध्यापक आपल्यात थोडे असतील. त्यातील एक आकडा मात्र बालशिक्षणाच्या प्रशिक्षणवर्गांत आणि पालकसभांत ऐकू येतो : गरीब घरातील मूल चार वर्षांचे होईपर्यंत सुस्थितीतील मुलापेक्षा ३ कोटी शब्द कमी ऐकते. बालवाडी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका होऊ इच्छिणाऱ्या ज्या मुली आपल्यापुढे बसतात, त्यांच्यापैकी अनेकींचे घर याच आकड्यातील 'गरीब' रकान्यात मोडते. हा आकडा त्यांना शिकवण्यापूर्वी तो कसा निघाला हे तपासणे म्हणूनच आवश्यक वाटते.

लेखकद्वयाच्या परिश्रमांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९६० च्या दशकात कॅन्सस सिटीतील एका गरीब वस्तीत त्यांनी पूर्वप्राथमिक वर्ग चालवले होते. तेथे मुलांचा शब्दसंग्रह वाढे, पण तो वेग पुढे टिकत नसे. तेव्हा शाळेत येण्यापूर्वी घरात काय घडते हे पाहावे, असे त्यांनी ठरवले. ४२ कुटुंबांत, मूल ७ ते ९ महिन्यांचे असल्यापासून ते ३ वर्षांचे होईपर्यंत, दरमहा एक तास निरीक्षण करून त्यांनी संभाषणे ध्वनिमुद्रित केली आणि ती उतरवून काढण्यात वर्षे घालवली. इतक्या चिकाटीने घराच्या उंबरठ्याआत गेलेला अभ्यास त्यापूर्वी विरळाच.

आता आकड्याकडे येऊ. मुलाच्या कानी पडणारे शब्द तासाला सरासरी किती? व्यावसायिक, उच्चशिक्षित कुटुंबांत २,१५३, कष्टकरी कुटुंबांत १,२५१ आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांत ६१६. आठवड्याला जागेपणाचे १०० तास, म्हणजे वर्षाला ५,२०० तास धरून हे आकडे चार वर्षांनी गुणले की अनुक्रमे सुमारे साडेचार कोटी, २ कोटी ६० लाख आणि १ कोटी ३० लाख शब्द होतात. पहिल्या आणि शेवटच्या संख्येतील फरक म्हणजेच ती दरी. निरीक्षण तीन वर्षांपर्यंतच झाले होते. चौथे वर्ष गणिताने जोडले. महिन्यातील एका तासावरून उरलेल्या सर्व तासांचा अंदाज बांधला. आणि सरकारी मदतीवरील कुटुंबे किती होती? अवघी ६, आणि ती सर्व कृष्णवर्णीय. सहा घरांच्या बोलण्यावरून एका देशातील गरिबांच्या मातृत्वाविषयी विधान करणे हे धाडसाचेच आहे. शिवाय, विद्यापीठाच्या वर्तुळाशी परिचित असलेल्या घरात ध्वनिमुद्रक घेऊन कोणी बसले तर बोलणे खुलते. ज्या घरात वही घेऊन येणारी व्यक्ती बहुधा मदत चालू ठेवायची की बंद करायची हे ठरवण्यासाठीच येते, तेथे ते आवरले जाते. संशोधकांच्या मते कुटुंबांना त्यांची सवय झाली होती. सर्वांना सारखीच झाली, हे मानणे कठीण आहे.

पुढील फेरतपासण्यांतून चित्र बरेच बदलले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवसभराचे ध्वनिमुद्रण यंत्राने मोजले, तेव्हा वरच्या आणि खालच्या गटांतील फरक चार वर्षांत सुमारे ४० लाख शब्दांचा निघाला. ३ कोटींचे हे ४० लाख कसे झाले, हा प्रश्न पद्धतीचा आहे. त्यानंतर वर्षभरात डग्लस स्पेरी, लिंडा स्पेरी आणि पेगी मिलर यांनी अमेरिकेतील पाच वस्त्यांमधील नोंदी पुन्हा पाहिल्या. एकाच आर्थिक स्तरातील कुटुंबांतही त्यांना मोठी तफावत दिसली. आईखेरीज सांभाळ करणाऱ्या इतरांचे बोलणे आणि मुलाच्या आसपास चाललेले बोलणे जमेस धरले, तेव्हा काही गरीब वस्त्यांतील मुले मुळीच कमी ऐकत नव्हती.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रॉबर्टा गोलिंकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आक्षेप असा की, कानावर पडलेले बोलणे आणि मुलाला उद्देशून केलेले बोलणे यांचे मोल सारखे नाही. हा आक्षेप मला ग्राह्य वाटतो. मेक्सिकोतील माया समाजात, जेथे मुले मोठ्यांच्या गप्पांतच वाढतात, तेथेही मोठ्यांनी मुलाशी थेट केलेल्या बोलण्याचा त्याच्या पुढील शब्दसंग्रहाशी संबंध आढळला. नुसत्या कानावर पडलेल्या बोलण्याचा आढळला नाही. तेव्हा 'आमच्या घरात माणसे खूप, म्हणून भाषाही खूप' असे म्हणून आपल्यालाही सुटका करून घेता येणार नाही.

तरीही मोजणीत कोण आणि कोणती भाषा धरली जाते, हा प्रश्न आपल्याकडे अधिक तीव्र होतो. बेळगावसारख्या ठिकाणी मूल अम्मीशी, दादीशी दखनीत बोलते, मकतबात अरबी अक्षरे घोकते आणि बालवाडीत त्याच्यापुढे मराठी किंवा कन्नड येते. 'हौ' आणि 'नक्को' यांवर ज्याचे घरी सगळे व्यवहार चालतात, ते मूल बालवाडीत पहिले काही महिने गप्प बसते. शिक्षिकेच्या नोंदवहीत 'भाषाविकास कमी' असा शेरा पडतो आणि पालकसभेत आईला 'मुलाशी बोलत जा' असा उपदेश मिळतो. ती बोलतच असते. तिच्या बोलण्याला मोजणारे कोणी वर्गात नसते, इतकेच. तीन कोटींचा आकडा अशा शेऱ्याला शास्त्राचा शिक्का देतो, ही माझी खरी तक्रार आहे.

वास्तविक याच पुस्तकात शब्दसंख्येहून मोलाचे काही आहे आणि ते फारसे उद्धृत होत नाही. मुलाला मिळणारे प्रोत्साहन आणि मनाई यांचीही लेखकांनी गणना केली होती. व्यावसायिक घरांत तासाला ३२ वेळा प्रोत्साहन व ५ वेळा मनाई, मदतीवरील घरांत ५ वेळा प्रोत्साहन व ११ वेळा मनाई, असे ते प्रमाण होते. सहा घरांची मर्यादा याही आकड्यांना आहेच. पण येथे लक्ष शब्दांच्या राशीवरून बोलण्याच्या स्वरूपाकडे जाते. २०१८ मध्ये रेचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास केला. त्यात भाषेशी निगडित मेंदूभागाच्या क्रियेचा संबंध आळीपाळीच्या संवादाशी, म्हणजे मूल बोलले, मोठ्याने उत्तर दिले, मूल पुन्हा बोलले, याच्याशी दिसला. आणि तो कुटुंबाच्या उत्पन्नावर अवलंबून नव्हता.

कुटुंबाला मदत कशी करावी हे जाणून घ्यायचे तर मात्र कॅन्ससपेक्षा जमैकाकडे पाहावे. किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांमधील, वाढ खुंटलेल्या ९ ते २४ महिन्यांच्या १२९ बालकांवर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन वर्षे पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला एक तास जाऊन आईच्या सोबतीने मुलाशी खेळे. काहींना दोन्ही मिळाले, काहींना यांपैकी काहीच नाही. खेळणी टाकाऊ वस्तूंची, हाताने केलेली असत. ती घरी ठेवून पुढच्या भेटीत बदलली जात. वीस वर्षांनी याच मुलांना शोधून काढले, तेव्हा ज्यांच्या घरी खेळाच्या भेटी झाल्या त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. हा निष्कर्ष २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. नुसत्या आहाराचा असा दीर्घकालीन परिणाम आढळला नाही. हाही अभ्यास लहानच आहे, हे मान्य. पण येथे आईत काय कमी आहे हे मोजत बसण्याऐवजी तिच्याबरोबर काहीतरी केले गेले आणि त्याचे काय झाले ते पाहिले गेले. ओडिशात याच पद्धतीची चाचणी झाली. तिचे २०२० मध्ये आलेले निष्कर्ष सांगतात की मातांना गटाने एकत्र बसवूनही मुलांना लाभ होतो आणि खर्च पुष्कळ कमी येतो.

मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच अंगणात नेली आणि गवत, बिया, शिंपले यांची साधने केली. त्यामागे नियंत्रित प्रयोग नव्हता, पण घराकडे पाहण्याची दृष्टी तीच होती.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. पण तीन वर्षांखालील मुलाच्या वाट्याला तिच्यातून मुख्यतः घरपोच आहार, लसीकरणाची आठवण आणि वजनाची नोंद आली. आहार हा मुलाचा हक्कच आहे. जमैकाचा दाखला देऊन तो कमी करण्याची सूचना कोणी करू नये. २०२४ मध्ये केंद्र सरकारने जन्म ते ३ वर्षे या वयासाठी 'नवचेतना' हा आराखडा प्रसिद्ध केला आणि घरातील खेळ व संवाद यांना प्रथमच असे स्वतंत्र स्थान मिळाले. किंग्स्टनमधील सेविकेला भेटीसाठी आठवड्याला प्रत्येक घरामागे एक तास होता, आणि तेच तिचे काम होते. आपली सेविका सकाळी वर्ग घेते, आहार वाटते, मोबाईलवर नोंदी भरते, सर्वेक्षणे करते आणि त्याबद्दल तिला पगार नव्हे, मानधन मिळते. तिच्या दिवसात हा तास कोठून काढायचा, याचे उत्तर मला आराखड्यात सापडले नाही. आपल्या विद्यार्थिनी उद्या याच कामावर रुजू होणार आहेत.