साखळी पब आणि वेगळी कपबशी

छोट्या बेटावरच्या गावाला वेदरस्पूनसारखा साखळी पब मानवेल का, असा प्रश्न आलाय. पबचं मी वलगावात काय बोलणार? २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी इथंच, पेढीच्या पुलाजवळ देह ठेवला. आपण चहाचं बोलू. साखळीचं चहादुकान आलं की गावपण जातं म्हणतात. मला हे कौतुक अर्धंच पटतं. ओळखीचा हॉटेलवाला उधारी देतो, खरंय. पण ओळखीपायीच तो काहींची कपबशी वेगळी, बाहेर कोनाड्यात ठेवायचा. माझ्या वयाच्यांनी ती पाहिलीय. साखळीतल्या गल्ल्यावरचा पोरगा जात विचारत नाही, हा फायदा लहान नाही. मात्र सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत उधारीवर जगणाऱ्यानं तिथं बसायचं कसं? विचारावं, तर मालक पुण्यात.